बाबांचं सीमास्टर घड्याळ घरी स्वच्छ करायचंय, चेनमध्ये वर्षानुवर्षांचा मळ बसलाय

खलाशाची_लेक (ठाणे)

नमस्कार मंडळी. बाबा मर्चंट नेव्हीत इंजिनियर होते. १९९८ साली सिंगापूरला जहाज लागलं असताना त्यांनी ओमेगाचं सीमास्टर घेतलं. निळी तबकडी, तिच्यावर लाटांची नक्षी, निळी बेझल (काचेभोवतीची फिरणारी कडी), स्टीलची चेन. निवृत्तीपर्यंत ते मनगटावरून उतरलं नाही. गेल्या वर्षी बाबा गेले, तेव्हापासून घड्याळ कपाटात आहे. यंदा दसऱ्यापासून मी ते घालायचं ठरवलंय.

हलवलं की चालू होतं, वेळही बरी दाखवतं. पण चेनच्या कड्यांमध्ये काळपट हिरवट चिकट मळ आहे. टूथपिकने खरवडला की ओल्या साबणासारखा निघतो. काच आणि बेझल यांच्या फटीत पांढरी रेघ दिसते, मीठ असावं. बेझल तर फिरतच नाही.

आई सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासते. घड्याळही तसंच घासावं असं ती म्हणते. तबकडीवर ३०० मीटर लिहिलंय, मग वाडगाभर पाण्याने काय होणार आहे, हा तिचा मुद्दा. मला धीर होत नाही. कुणी केलंय का?

टिकटिक (नाशिक)

काही होत नाही, बिनधास्त नळाखाली धरा. फक्त चावी घट्ट बसलीय ना ते बघा. माझं डायव्हर (पाणबुड्यांसाठीचं घड्याळ) पाच वर्षं रोज अंघोळीला असतं.

चावीकाका (पुणे)

ताई, अजून पाणी लावू नका. टिकटिक, तुमचं घड्याळ पाच वर्षांचं आहे, ताईंचं पंचविशी ओलांडलेलं. दोघांना एकच सल्ला चालणार नाही.

मी पेठेत वडिलांच्या दुकानात ३४ वर्षं बसतोय, त्या अनुभवावरून सांगतो. ३०० मीटर हा आकडा घड्याळ कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवसाचा. पाणी अडवते ती मागच्या झाकणाखालची, चावीच्या नळीतली आणि काचेभोवतीची बारीक कडी. झाकणाखालचं आणि चावीतलं रबर वर्षांमागून चपटं होतं, कडक होतं, शेवटी भेगाळतं. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. मी उघडलेल्या जुन्या घड्याळांत झाकणाखालचं रबर कधी डांबरासारखं चिकट झालेलं असतं, तर कधी चिमटा लावताच त्याचे तुकडे पडतात.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं? कागद सापडतोय का बघा. नसेल तर आधी पाण्याची चाचणी करून घ्या. नाव पाण्याची, पण ती कोरडी करता येते. घड्याळ बंद पेटीत ठेवून आत हवेचा दाब देतात. दाबाने केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी, अगदी मायक्रॉनच्या हिशोबात दबते. दबलेलीच राहिली तर हवा आत गेली नाही, म्हणजे घड्याळ पास. हळूहळू पूर्ववत होऊ लागली तर कुठून तरी गळती आहे. पाण्याचा थेंबही लागत नाही, म्हणून जुन्या घड्याळाला हीच चाचणी आधी.

तोवर हात राखून बसायची मात्र गरज नाही. चेन वेगळी काढा आणि तिला हवं तेवढं धुवा. चेनमध्ये मशीन नसतं.

खलाशाची_लेक

काका, खूप धन्यवाद. सर्व्हिसिंगचा एकच कागद सापडला, २००९ चा. आणि एक विचारायचं राहिलं. तबकडीवरच्या १० च्या खुणेजवळ आणखी एक चावी आहे. तीही घट्ट करायची का?

चावीकाका

२००९ म्हणजे रबराचं काम नक्की आलंय.

१० जवळची ती चावी नव्हे, हेलियमची झडप आहे. खोल समुद्रात काम करणारे पाणबुडे कित्येक दिवस दाबाच्या खोलीत राहतात, तिथल्या हवेत हेलियम असतो. त्याचे कण इतके बारीक की ते घड्याळातही शिरतात. बाहेर येताना दाब उतरतो, तेव्हा आत अडकलेला वायू काच उडवू शकतो. तो सोडायला ही झडप. तुम्हाआम्हाला तिचं काम पडत नाही. ती बंद आहे एवढं हलक्या हाताने पाहा आणि विसरून जा. साफ करायला म्हणून उघडू नका. त्या फटीतला मळ ओल्या मऊ ब्रशने निघेल तेवढाच काढा.

प्रयोगशाळा (कोल्हापूर)

मी रसायनशास्त्र शिकवते, त्या बाजूने थोडं लिहिते.

रिठा वाईट नाही, सोनार उगाच वापरत नाहीत. पण रिठ्याच्या पाण्यात सालीचे बारीक कण राहतात आणि ते कड्यांच्या फटीत अडकतात. सोन्याच्या पाटलीला अशा फटी नसतात. त्यापेक्षा लहान बाळाचा शाम्पू किंवा भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब पुरे.

साबण मळ काढतो कारण तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो. त्याच कारणाने साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीत लवकर शिरतं. म्हणूनच रबर कमजोर असेल तर अंघोळ ही पोहण्यापेक्षा वाईट. वर गरम पाणी: आतली हवा तापून पसरते, मग पंख्याखाली थंड होऊन आकसते आणि ओलावा आत ओढून घेते. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीच्या पाण्याहून थोडं थंडच धरा.

आता काय लावायचं नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर नको. पितळेची भांडी घासायची पावडर नको. धुण्याचा सोडा तर या घड्याळाला मुळीच नको, कारण त्या काळच्या सीमास्टरच्या बेझलमधली निळी पट्टी ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियमवरचा रंगीत थर सोड्याने खाल्ला जातो, निळा फिकट पडतो आणि परत येत नाही. ब्लीचने स्टीलवर खड्डे पडतात. सॅनिटायझर चेनवर थोडा पडला तर बिघडत नाही, पण चामडं, रबर आणि जुन्या घड्याळांची ॲक्रिलिकची काच त्यापासून लांब ठेवा. ॲक्रिलिकला अल्कोहोलने बारीक तडे जातात.

टिकटिक

काका, ताई, माझा सल्ला मागे घेतो. माझं घड्याळही अजून एकदाही तपासलेलं नाही. या शनिवारी नेतो.

मांडवीकाठ (पणजी)

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी. खारं पाणी लागलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतलं पाहिजे, उद्यावर टाकू नये. स्टील गंजत नाही असं आपण म्हणतो, पण मळाखाली मीठ आणि ओल दबून राहिली तर तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. माझ्या भावाच्या घड्याळाला झाकणाच्या कडेला, जिथे रबर टेकतं नेमकं तिथे असे खड्डे पडले. नवीन रबर टाकूनही पाणी थांबेना. तरणतलावाच्या क्लोरिनचंही हेच. पाणी लागण्यापूर्वी चावी बंद आहे ना हे बोटाने चाचपायची सवय लावा, आणि पाण्याखाली चावी कधीच उघडू नका.

डोंबिवली_फास्ट_नाही (डोंबिवली)

माझी चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्याची वाचेल. चष्मे आणि दागिने साफ करायचं अल्ट्रासोनिक यंत्र घरी आणलं होतं. साडूंचं स्विस ऑटोमॅटिक त्यात चेनसकट अख्खं बुडवलं, कारण पाणी आत जाणार नाही याची खात्री होती. पाणी गेलंही नाही. पण त्या थरथरीने तबकडीवरची ८ ची खूण सुटली आणि काचेखाली खुळखुळू लागली. घड्याळजींनी उघडलं तर आतला एक स्क्रूही सैल झालेला. साडू एका शब्दाने बोलले नाहीत, पण मला अजून त्यांच्याकडे जेवायला गेलं की त्यांच्या मनगटाकडे बघवत नाही. यंत्रात फक्त सुटी चेन, घड्याळ नाही. आणि चेनचे दुवे स्क्रूचे असतील तर नंतर प्रत्येक स्क्रू तपासा, तिथलाही सैल होतो.

चावीकाका

खरं लिहिलंत. यंत्राशिवायही चेन तितकीच स्वच्छ होते, वेळ थोडा जास्त लागतो.

ताई, चेन काढण्याबद्दल. केसच्या दोन शिंगांमध्ये, म्हणजे चेन अडकते त्या टोकांमध्ये, स्प्रिंगची पिन असते. ती काढायला दुकाटी हत्यार मिळतं. सुरी, टाचणी, कात्री वापरू नका, निसटली की चकाकत्या स्टीलवर ओरखडा ठरलेला. शिंगांना आतून बाहेरून चिकटपट्टी लावा. आणि हे सगळं मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. पिन उडाली तर पिशवीतच राहते, नाहीतर सोफ्याखाली शोधत बसावं लागतं. पहिल्यांदा हात बसत नसेल तर कुठल्याही घड्याळजीकडे पाच मिनिटांचं काम आहे, करवून घ्या आणि नीट बघून ठेवा. जुन्या पिना परत लावू नका. पिन तुटली की अख्खं घड्याळ खाली पडतं.

खलाशाची_लेक

आज रविवारी चेन केली. सविस्तर लिहिते, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

चेन काढायचं काम आमच्या गल्लीतल्या घड्याळजींकडून करून घेतलं. घड्याळ त्यांच्यासमोरच मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवलं. घरी स्टीलच्या वाडग्यात कोमट पाणी, बाळाच्या शाम्पूचे दोन थेंब, तळाला जुना सुती रुमाल. चेन आत सोडली आणि पंधरा मिनिटं हात लावला नाही. पाणी दुधाच्या चहासारखं झालं. पहिलं पाणी ओतून दुसरं घेतलं, मग बाळाचा नवा टूथब्रश. घासताना लक्षात आलं की या चेनमध्ये रुंद कड्या खरखरीत रेघांच्या आहेत आणि त्यांच्यामध्ये आरशासारख्या चकाकत्या बारीक पट्ट्या आहेत. त्या मला आजवर दिसल्याच नव्हत्या, मळाखाली होत्या. रेघांच्या दिशेने ब्रश फिरवला, आडवा नाही.

सगळ्यात जास्त मळ कड्यांमध्ये नव्हता, बकलच्या आत होता. दोन्ही बाजूंची बटणं दाबून ते उघडलं की आतली पट्टी दिसते, तिच्या बिजागरीत काळा थर होता. टूथपिकचं टोक चावून मऊ केलं आणि त्याने काढला. चार पाणी बदलली. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, ते सुकलं की नळावरसुद्धा पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचं पाणी आरओचं घेतलं.

पुसून टॉवेलवर पंख्याखाली रात्रभर ठेवली आहे. वरून लगेच कोरडी वाटते, पण हलवली की पिनांच्या भोकांतून अजून थेंब येतात. पूर्वी एका टोकाला धरली तर अर्धी चेन काठीसारखी ताठ राहायची. आता मोत्यांच्या सरीसारखी ओघळते.

मांडवीकाठ

वा! वाचनखूण साठवली. वाळवायला हेअर ड्रायर लावला नाहीत हे छान केलंत. घड्याळ जोडलेलं असताना तर नकोच. उष्णता एक, आणि त्याच्या मोटरमधलं चुंबक दुसरं. केसांसारखी बारीक स्प्रिंग चुंबकली की घड्याळ एकदम पुढे पळायला लागतं. साफ केल्यावर स्पीकरवर किंवा चुंबकाच्या मोबाईल कव्हरवरही ठेवू नका.

सातारी_कंदी (सातारा)

काचेवरचे ओरखडे टूथपेस्टने जातात असं ऐकलंय. चालेल का?

प्रयोगशाळा

काच कुठली त्यावर आहे. जुन्या एचएमटी जनतासारख्या घड्याळांची काच ॲक्रिलिकची, मऊ. तिच्यावरचे वरवरचे ओरखडे ॲक्रिलिकच्या पॉलिशने खरोखर जातात, कारण पृष्ठभाग घासून समपातळीत येतो. टूथपेस्टने थोडं जमतं, पण ती कडेच्या फटीत जाऊन सुकते. सीमास्टरची काच नीलमाची, कठीणपणाच्या मोह्स मापात ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. तिला टूथपेस्टने काहीच होत नाही. पण काही घड्याळांत काचेच्या बाहेरून चकाकी कमी करणारा थर असतो, तो मात्र घासल्याने ओरबाडला जातो. मग काच खराब झाली असं वाटतं, खरं तर थर गेलेला असतो. नीलमाच्या काचेला ओलसर मायक्रोफायबर पुरतं. आधी कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने धूळ उडवा. धुळीत वाळूचे कण असतात, ते कापडाखाली सापडले की चकाकत्या स्टीलवर गोल गोल रेघा उमटतात.

दख्खनचा_बाळ (लेस्टर)

एक वेगळं घड्याळ. सासऱ्यांनी दिलेलं जेजर-लकूल्टचं रिव्हर्सो माझ्याकडे आहे. याचं नातं भारताशी आहे: तिथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून १९३१ मध्ये केस उलटी फिरवून काच आत लपवता येईल असं हे घड्याळ निघालं. त्याची धूळ समोर दिसत नाही. केस सरकवून उलटी केली की खालच्या चौकटीत खोबणी लागते, सगळं तिथे साठतं. हे घड्याळ मी पाण्याजवळ नेत नाही. केस अर्धी सरकवायची, फुग्याने धूळ उडवायची, कोरड्या मऊ ब्रशने खोबणी झाडायची, बस. धूळ काढल्याशिवाय केस वारंवार सरकवली तर तीच धूळ आतल्या स्टीलला कानस लावते.

विदर्भातली_वहिनी (अमरावती)

चामडी पट्ट्याचं कुणी लिहिलं नाही. त्याला धुणं नाहीच. उन्हाळ्यात घामाने पट्टा आतून काळा पडतो, वास मारतो. घरी आल्यावर काढून कोरड्या कापडाने पुसायचा आणि सावलीत उलगडून ठेवायचा. एकच घड्याळ रोज घालू नये, पट्ट्याला मधे एक दिवस सुट्टी द्यावी. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, बुरशी येत नाही. पट्टा शेवटी बदलायचीच वस्तू आहे, त्याला तेल लावून जगवू नका.

मुळशीकर (पुणे)

स्वच्छ करणं आणि पॉलिश करणं यातला फरक ताईंनी लक्षात ठेवावा म्हणून लिहितोय. मी माझ्या सख्ख्या काकांकडून आलेलं जुनं रोलेक्स एका दुकानात साफ करायला दिलं होतं. परत आलं तेव्हा आरशासारखं चमकत होतं. घरी येऊन नीट पाहिलं तर शिंगांच्या धारदार कडा गोल झालेल्या, बाजूच्या खरखरीत रेघा पुसलेल्या. मला विचारलंही नव्हतं. पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं, गेलेला धातू परत येत नाही. काकांच्या हातचे ओरखडेही त्याच्याबरोबर गेले. सर्व्हिसला देताना पावतीवर लिहून घ्या, "पॉलिश करू नये". तोंडी नको. पॉलिशचं कापड घरीही चकाकत्या भागापुरतंच, खरखरीत भागावर फिरवलं की पट्टा उमटतो.

चावीकाका

मुळशीकरांना पूर्ण अनुमोदन. सोन्याचं पाणी दिलेल्या घड्याळांना तर पॉलिशचं कापड कधीच लावू नका, मुलामा निघून खालचं पितळ दिसतं.

खलाशाची_लेक

दहा दिवसांनी लिहितेय.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला चाचणी केली. घड्याळ नापास झालं. चावीतलं रबर कडक झालं होतं, झाकणाखालचं चपटं. मी आईचं ऐकून त्या दिवशी वाडग्यात घातलं असतं तर? तिथल्या माणसाने रबर काढून माझ्या तळहातावर ठेवलं, वाळलेल्या शेवेसारखं होतं. दोन्ही बदलली, तेल-सफाईही करून घेतली. पावतीवर "पॉलिश करू नये" मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. पुन्हा चाचणी झाली, पास.

काका, आता बेझल घरी सोडवू का?

चावीकाका

आता करा. चावी घट्ट, झडप बंद. नळाच्या धारेखाली नको, वाडग्यात साधं कोमट पाणी घ्या, साबण नको. दहा मिनिटं भिजू द्या, मीठ विरघळू द्या. मग पाण्यातच बेझल दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा जोर देऊन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. ती एकाच दिशेने फिरते, दुसरीकडे जोर लावू नका. हलली नाही तर पाणी बदलून पुन्हा भिजवा. सुरीने उचकटायचं नाही. आणि वाळल्यावर काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. आतून धुकं दिसलं तर त्याच दिवशी घड्याळ घेऊन पळा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, आतलं पोलाद दोन दिवस वाट बघत नाही.

खलाशाची_लेक

फिरली!

दोनदा भिजवली. पहिल्या पाण्यात काही नाही. दुसऱ्यात पांढरट धूर निघाल्यासारखं झालं आणि बेझल एक घर सरकली. मग टक, टक, टक, हळूहळू अख्खी फेरी. दर फेरीला थोडा गाळ निघत होता. आरओच्या पाण्यातून काढून पुसली. थेंब ठेवून बघितला, काच आतून स्वच्छ.

आई स्वयंपाकघरात होती. बेझलचा आवाज ऐकून हात पुसत बाहेर आली. मला माहीत नव्हतं, पण सुट्टीवर घरी असले की भात बाबा लावायचे. शिट्टी झाली, गॅस बारीक केला की ते बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यावर आणायचे आणि दहा मिनिटं मोजायचे. आईने घड्याळ हातात घेतलं, न बघता बेझल तीन घरं फिरवली आणि मला परत दिलं.

मांडवीकाठ

ताई, दसऱ्याला फोटो टाका.

सातारी_कंदी

माझ्या घड्याळाला रबराचा पट्टा आहे. त्यालाही बाळाचा शाम्पू चालेल का?

प्रयोगशाळा

चालेल. घड्याळावरून काढून धुवा, सावलीत वाळवा.